मागचं चाक रोज सकाळी बसलेलं, काटा मात्र सापडत नाही

पद्मालय_रोड

मंडळी, सायकलवाल्यांनी जरा डोकं लावा.

मी एरंडोलचा. नोकरी धरणगावला, जमेल तेव्हा सायकलने जातो. रविवारी पद्मालयपर्यंत चक्कर. सायकल साधी हायब्रिड, ७००×३८ चे टायर, सिंगल वॉल (एकाच थराची) रिम. दिवाळीपासून मागच्या चाकाने छळ मांडलाय. संध्याकाळी हवा टाइट असते, सायकल ओट्यावर उभी असते आणि सकाळी बघावं तर रिम जमिनीला टेकलेली. मध्येच चार दिवस काही होत नाही, वाटतं सुटलो, की पुन्हा तेच. चालवताना क्वचित बसतं, बहुतेक वेळा उभ्या सायकलीतच.

पंक्चरवाल्याने पॅच लावला, पुन्हा बसलं. नवी ट्यूब टाकली, पुन्हा बसलं. तो म्हणतो काटा आहे, पण काटा त्यालाही सापडत नाही. टायर आतून बोटांनी चाचपून झाला, बाहेरून डोळ्यांत तेल घालून पाहिला. त्याच्या म्हणण्यानुसार भोक दरवेळी वेगळ्याच जागी निघतं. म्हणजे दरवेळी नवा काटा? मग पुढच्या चाकाला एकही का नाही? दोन्ही चाकं त्याच रस्त्याने जातात ना!

टायर गणपतीच्या सुमाराला बदललाय, त्यामुळे झिजलेलाही नाही. घरच्यांचं मत पडलं की गल्लीतली पोरं हवा सोडतात. म्हणून सायकल रात्री पुढच्या खोलीत घेतली. तिथेही बसली.

शेवभाजी_जास्त_तर्री

पोरांना कशाला बदनाम करता भाऊ? ती मोबाईलमधून डोकं वर काढतील तेव्हा तुमची हवा सोडतील.

कार्तिक महिना आहे, रस्त्याच्या कडेला सराटे पिकलेत. संपला विषय.

पद्मालय_रोड

सराटा असता तर दिसला असता. तो टायरला चिकटून बसतो, लपत नाही.

कपाशी_आणि_मी

सराट्याला कमी लेखू नका. पारोळ्याकडे आमच्या बांधावर ढिगाने आहे. पावसाळ्यात जमिनीलगत पसरतो, पाच पाकळ्यांची बारीक पिवळी फुलं येतात, दिसायला गोजिरवाणा. आयुर्वेदवाले त्यालाच गोखरू म्हणतात. पाऊस गेला की फळ वाळून त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला काटे. तुकडा कसाही पडो, एक काटा आभाळाकडे असतोच. डांबरावर तो आपोआप येत नाही. बकऱ्यांच्या खुरांना, चपलांना, ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून येतो. त्यामुळे जिथे शेतरस्ता डांबरीला मिळतो, तिथे पाच-पंचवीस पावलं सायकल रस्त्याच्या मध्याकडे घ्यायची.

दुसरा बाभळीचा काटा. पांढरा, लांब, जोडीने येणारा. कुंपणाला बोराटी आणि बाभळीच्या काट्या ट्रॉलीतून नेतात तेव्हा रस्ताभर सांडत जातात. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसून बाहेरच्या बाजूला तुटतो, टोक तेवढं आत राहतं. बाहेरून काही दिसत नाही. सराट्याचंही टोक असं मोडून राहू शकतं. त्यामुळे 'दिसला असता' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

दीपनगर_पारा

पण काटा आत असेल तर तो रोज टोचेल ना? चार दिवस सुट्टी का घेतो?

सातपुडा_सेव्हन

माझ्या मते हवामान. आपल्याकडे दुपारी ऊन आणि पहाटे गारठा. रबर आकसतं, हवा आकसते. उन्हाळ्यात तर उन्हात लावलेल्या सायकली फुटतात, भुसावळला मी स्वतः ऐकलाय आवाज.

दीपनगर_पारा

हे गणित करून पाहू, कारण ही समजूत आपल्याकडे फार आहे.

दुपारी ३२ अंशाला ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली. गेज जे दाखवतं ते वातावरणाच्या दाबावरचं, म्हणून त्यात साधारण १५ मिळवा: ७५. पहाटे पारा १४ वर आला. केल्विनमध्ये ३०५ वरून २८७. म्हणजे ७५ चे सुमारे ७०.५ झाले, १५ वजा केले की गेजवर पंचावन्न-छप्पन. चार-पाच पीएसआयचा फरक. अंगठ्याने दाबलं तर कळणारही नाही. थंडीने चाक बसत नाही.

आता उलट. मे महिन्यात सकाळी २० अंश नसतात हे मलाही माहीत आहे, पण समजा एसीच्या दुकानात २० अंशाला ६० भरली आणि सायकल ४५ अंशात आणली. सहा-साडेसहा पीएसआय वाढेल. काळा टायर उन्हात ६५ अंशापर्यंत तापला असं धरलं तरी सत्तरच्या थोडं वर. चांगला टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतो तो ज्याची कड रिममध्ये नीट बसलेली नसते, किंवा टायर आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटलेली असते, किंवा बाजूची भिंत वाळून तडकलेली असते. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं.

सातपुडा_सेव्हन

मान्य. पण आवाज खरा होता.

तात्या_पानापक्कड

उशिरा बघितला धागा. सायकलची कामं मी भुसावळला बरीच वर्षं केली आहेत, रेल्वेच्या लोकांच्या ड्युटीच्या सायकली असायच्या. तुम्ही सगळे रस्त्यावर काटा शोधताय. आधी ट्यूबवरचं भोक वाचा.

पद्मालय भाऊ, एवढं सांगा. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे टायरकडे, की आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडे? एक आहे की शेजारी-शेजारी दोन? वॉलपासून, म्हणजे हवा भरायच्या तोंडापासून, किती अंतरावर? वॉलच्या बुडाशी तर नाही ना? आणि जुन्या पॅचमधूनच हवा जातेय का?

'पंक्चर निघालं' एवढं पुरत नाही. जुन्या ट्यूब फेकल्या नसतील अशी आशा.

पद्मालय_रोड

तात्या, दोन घरी आहेत, एक पंक्चरवाल्याकडेच राहिली. आज रात्री घमेल्यात पाणी घेऊन बसतो.

तात्या_पानापक्कड

ट्यूब पाण्यात घालण्याआधी वॉलवर थुंकी लावून बघा. बुडबुडा फुगला तर वॉलचाच दोष, बाकी काही उघडायची गरज नाही. ट्यूब चाकाबाहेर आहे तोवर तिच्या जाडीच्या दुप्पट फुगवली तरी हरकत नाही, बारीक भोक तेव्हाच बोलतं. पाण्यात थोडी-थोडी दाबत न्या. भोक सापडलं की भोवती बॉलपेनने गोल करा. पाणी पुसल्यावर ते पुन्हा सापडत नाही.

अहिराणी_आवाज

भाऊ, मना सायकलना बी हाईच हाल शेतस. रातले हवा भरस, सकाये दखस ते चाक बसेल. आते काय कराना? सायकल जुनी काळी शे, शहादाले.

गोमाई_काठ

जुन्या काळ्या सायकलीला जुना वॉल असतो, पितळी काडीवर रबरी नळी चढवलेला. ती नळी हाच वॉल. आपल्याकडच्या उन्हात ती चिकट होते, मग तडकते. पंक्चर काढण्याआधी वॉलची चकती सोडवून काडी बाहेर ओढा. नळी फाटलेली किंवा काडीला चिकटून बसलेली दिसेल. नवी नळी किरकोळ पैशात मिळते. बसवताना काडी थुंकीने ओली करायची आणि नळी खालच्या भोकाच्या पुढेपर्यंत ओढून घ्यायची. भोक उघडं राहिलं तर हवा धरणार नाही. तेल लावू नका, तेलाने रबर कुजतं.

केळीबाग_ताई

हे वाचून बरं झालं. रावेरला माझ्या मुलीची शाळेतली सायकल. दुपारी सुटते तेव्हा हमखास हवा कमी. मी इतके दिवस वर्गातल्या मुलांना शिव्या देत होते. तिलाही असाच पितळी वॉल आहे. उद्या नळी बघते.

तात्या_पानापक्कड

बघा ताई. दुपारीच हवा कमी होत असेल तर नळीवर माझा संशय जास्त आहे. सायकल उन्हात उभी असते का शाळेत?

केळीबाग_ताई

पत्र्याची शेड आहे, पण जागा मिळाली तर.

पद्मालय_रोड

तात्या, रिपोर्ट घ्या.

वॉल दोन्ही ट्यूबचे चांगले. पहिल्या ट्यूबला दोन जुने पॅच, दोन्ही बाहेरच्या अंगाला, दोन्ही पक्के, हवा जात नाही. पण तिसरं एक सुईच्या टोकाएवढं भोक, तेही बाहेरच्याच अंगाला. दुसऱ्या ट्यूबला एकच भोक, आणि ते आतल्या अंगाला, रिमकडे. तिथे बारीक चीर आहे आणि भोवती रबर घासल्यासारखं मळकट झालंय.

आता मी जास्तच गोंधळलो.

तात्या_पानापक्कड

उलट आता सुटायला लागलं. तुम्हाला एक नाही, दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही आलटूनपालटून हवा काढतायत. म्हणून ताळमेळ लागत नव्हता.

बाहेरच्या अंगाला भोक म्हणजे टायरमध्ये काहीतरी आहे. आतल्या अंगाला भोक म्हणजे रिममध्ये. रस्त्यावरचा काटा रिमच्या बाजूने येऊच शकत नाही. शेजारी-शेजारी दोन भोकं असती तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटली असं म्हटलं असतं, हवा कमी ठेवली की तसं होतं. ते तुमचं नाही.

आता 'दरवेळी वेगळ्या जागी' याचं. पंक्चरवाला टायर काढतो, पुन्हा चढवतो, पण टायर रिमवर फिरवून कसाही बसतो. ट्यूब तशी बसत नाही, तिचा वॉल रिमच्या भोकातच यावा लागतो. म्हणून टायरमध्ये एकच तार अडकलेली असली तरी ती प्रत्येक फिटिंगला ट्यूबच्या वेगळ्या जागी टोचते. भोकं वेगळी, चोर एकच. रिममधल्या दोषाचं तसं नाही. रिममध्ये जे टोचतंय ते वॉलपासून कायम तेवढ्याच अंतरावर भोक पाडणार, मग ट्यूब नवी असो की जुनी.

म्हणून पंक्चरवाल्याकडची तिसरी ट्यूब आणा. तिला आतल्या अंगाला पॅच असेल तर वॉलपासून अंतर मोजा आणि दुसरीशी ताडून बघा.

आणि यापुढे टायर चढवताना त्याचं छापील नाव वॉलच्या बरोबर समोर ठेवायचं. भोक सापडलं की टायरवर नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

शेवभाजी_जास्त_तर्री

तात्या, तुम्ही सायकलवाले होता की सीआयडीत?

पद्मालय_रोड

ट्यूब आणली. दुकानात खिळ्याला टांगलेली होती, तो तिच्या पट्ट्या कापणार होता. तिच्यावर आतल्या अंगाला एक पॅच आहे. शिंप्याच्या टेपने मोजलं: वॉलपासून ५७ सेंटीमीटर. घरातली मोजली: तीही ५७. पण एक वॉलच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे. मग जमलं नाही ना हे?

तात्या_पानापक्कड

जमलं. ट्यूबला डावं-उजवं नसतं. पंक्चरवाल्याने एकदा ती उलटी घातली असेल. म्हणून दोन्ही दिशांना बघायचं.

आता टायर-ट्यूब काढून रिमपट्टी, म्हणजे रिम आणि ट्यूबच्या मधली पट्टी, सरकवा. वॉलचं भोक दोन स्पोकच्या मधोमध असतं. ३६ स्पोकची रिम असेल तर दोन स्पोकमध्ये साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास अंतर पडतं. म्हणजे ५७ ला अकरावा स्पोक. वॉलपासून दोन्हीकडचा अकरावा तपासा, आणि मोजणीत थोडं इकडेतिकडे होतं म्हणून त्याच्या शेजारचेही.

घाई करू नका, आधी टायरचं बघू. रिम दुरुस्त करून नवी ट्यूब घातली आणि टायरमधली वस्तू तशीच राहिली, तर तुम्ही म्हणाल तात्या खोटे.

कपाशी_आणि_मी

टायरसाठी कापूस घ्या. बोटाला न लागणारी तार कापसाला लागते. पिंजलेला घ्या, सरकीसकट नको.

तात्या_पानापक्कड

बरोबर. बोटाने चाचपायचं तर हातही चिरतो आणि बारीक तार सुटते. कापसाचा बोळा टायरच्या आत सगळीकडून फिरवा. एकदा एका दिशेने, एकदा उलट, कारण तिरकी तार एकाच दिशेने धरते.

पद्मालय_रोड

सापडली!!

समईच्या वातींसाठी आणलेला कापूस घेतला. घरात बडबड झाली ती वेगळी. पहिल्या फेरीत काही नाही. उलट दिशेने फिरवला आणि एका जागी दोन-तीन तंतू मागे राहिले. तिथे बघतो तर काहीही नाही. टायर त्या जागी उलटा वाकवला, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा चमकलं. मिशीच्या केसाएवढी तार, आत जेमतेम एक मिलिमीटर. बाहेरच्या बाजूला दोन नक्षीच्या खाचेत नुसता तांबूस ठिपका, खड्याचा डाग वाटावा असा. भुवया कोरायच्या चिमट्याने आतून ओढायला गेलो तर निसटली. शेवटी बाहेरून सुईने उकरून टोक वर आणलं आणि पकडीने ओढलं. पाऊण सेंटीमीटर निघाली. कागदावर ठेवून फोटो काढलाय.

ही आली कुठून? मी खिळ्या-तारांच्या रस्त्याने जातच नाही.

दीपनगर_पारा

हायवे ओलांडता ना? जुना सहा नंबर, आताचा ५३. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये बारीक पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला किंवा रिमोल्डची (जुन्या टायरवर चढवलेल्या नव्या रबराची) साल निघाली की त्या तारा सुट्या होऊन कडेला पसरतात. रस्त्याच्या मधला कचरा मोठ्या गाड्यांची हवा झाडून नेते आणि सगळं कडेच्या पट्ट्यावर साठतं, म्हणजे नेमकं आपण सायकलवाले चालतो तिथे. एरंडोल ते पाळधी त्या कडेला कधी चालत जाऊन बघा, काळ्या सालींचे तुकडे पडलेले दिसतील.

आणि मघाशी मीच विचारलं होतं की काटा सुट्टी का घेतो. आत एक मिलिमीटरच असेल तर तार रोज ट्यूबपर्यंत पोहोचत नसणार. खड्डा आला, टायर दबला, की टोचली.

तात्या_पानापक्कड

हेच. आणि मागच्याच चाकाला का, तर मागच्यावर वजन जास्त. शिवाय पुढचं चाक आडव्या तारेवरून जाताना तिला उडवतं, उभी झाली की मागचं तिच्यावर चढतं. पुढचं चाक नशीबवान असतं असं नाही, ते मागच्यासाठी काम करून ठेवतं.

आता रिम.

सातपुडा_सेव्हन

एवढा खटाटोप कशाला? ट्यूबमध्ये जेल भरा. काटा, तार, सराटा, काहीही घुसू दे, आतून बुजतं. माझ्या मुलाच्या सायकलीत भरलंय, चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जातो, चिंता नाही.

तात्या_पानापक्कड

जेलला माझा विरोध नाही. सराट्यासाठी चांगलं आहे, शेतातून जाणाऱ्याने जरूर भरावं. पण चाक फिरलं की जेल बाहेरच्या अंगाला फेकलं जातं, टायरच्या बाजूला. रिमच्या बाजूच्या भोकाला ते वेळेवर पोहोचेलच असं नाही. आणि स्पोकचं टोक तिथेच घासत राहिलं तर भोकाची चीर होते. चिरीला जेल काय करणार? पुन्हा जेलने वॉल चिकटतो आणि पॅच धरत नाही, तो ओलेपणा पुसता पुसता जीव जातो. आधी कारण काढा, मग हवं तर भरा.

सातपुडा_सेव्हन

बरं. पण टायरच्या आत लायनर पट्टी?

गोमाई_काठ

चालते. आमच्याकडे दूधवाले जुन्या टायरच्या दोन्ही कडा कापून मधली पट्टी आत घालायचे. चाक जड होतं, पण बाभळीला दाद देत नाही. पट्टीची टोकं जिथे एकावर एक येतात तिथे कड तासून पातळ करायची, नाहीतर तीच कड ट्यूब कापते. विकतच्या प्लास्टिक पट्टीलाही हाच धोका.

पद्मालय_रोड

रिमचा रिपोर्ट.

रिमपट्टी रबरी आहे, काळी. ती सरकवली. वॉलच्या उजवीकडचा अकरावा: काही नाही. डावीकडचा अकरावा: निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) डोक्यातून स्पोकचं टोक वर आलेलं. नखाने चाचपलं तर अडकतं. रिमपट्टीला त्याच जागी आरपार भोक पडलंय. आणि हा एकच स्पोक बाकीच्यांपेक्षा चकचकीत आहे.

तो चकचकीत का, ते लगेच आठवलं. नवरात्रात मागचा एक स्पोक तुटला होता. जळगावच्या एका दुकानात तो बदलून चाकाचा आऊट काढून घेतला. चाक फिरायला एकदम सरळ झालं, मी खूश. स्पोकची आणि पंक्चरची सांगड कोण घालणार?

तात्या_पानापक्कड

दुकानात नेमक्या मापाचा नसेल तर लांबीचा घालतात आणि आवळून देतात. जास्तीचा भाग निपलमधून वर येतो. सिंगल वॉल रिमला मध्ये आड काही नसतं, फक्त रिमपट्टी. ती नवी असेतोवर धरते, मग टोक तिला हळूहळू खाऊन ट्यूबला लागतं. तुमचं नवरात्रात बसवलं आणि दिवाळीपासून दिसायला लागलं, ते यामुळे.

डबल वॉल (दोन थरांच्या) रिमवाल्यांनी निश्चिंत राहू नये. तिथे स्पोक सहसा पोहोचत नाही, पण वरच्या भोकांच्या कडा धारदार असतात. रबरी किंवा सैल पट्टी हवेच्या दाबाने त्या भोकांत खचते आणि ट्यूब कडेवर कापली जाते. भोक आतल्या अंगालाच, फक्त कारण वेगळं.

चालवताना का बसत नव्हतं, याचा माझा अंदाज असा: टोक भोकातच रुतलेलं असतं तोवर तेच बुचासारखं अडवतं, वाट मिळते ती बारीक. रात्रभरात त्या बारीक वाटेनेच सगळी निघून जाते.

पद्मालय_रोड

मग आता टोक कानशीने घासू?

तात्या_पानापक्कड

घासा, पण बेताने. निपलच्या डोक्याच्या खाचेच्या खाली जाईपर्यंत घासा, निपल घासू नका. कीस टायरमध्ये राहू देऊ नका, फडक्याने पुसून मग कापूस पुन्हा फिरवा. ही तात्पुरती सोय. खरं तर तो स्पोक काढून जुन्याच्या मापाचा टाकायला हवा, कारण लांब स्पोकचे आटे संपत आले की निपल पुढे आवळता येत नाही, आणि महिन्याभराने चाक पुन्हा हलायला लागतं. स्पोक घेताना शेजारचा एक काढून नमुना म्हणून न्या, आणि त्याच बाजूचा न्या. मागच्या चाकाला गिअरकडचे आणि दुसरीकडचे स्पोक बहुधा वेगळ्या लांबीचे असतात. दुकानदार 'सगळे सारखेच' म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

रिमपट्टी कापडी घ्या, चिकटणारी. मिळेपर्यंत जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला, वॉलसाठी भोक पाडून. वायरमनची चिकटपट्टी लावू नका. आपल्याकडच्या उन्हात तिचा चिकटा वितळून सगळा रिमभर होतो आणि पट्टी बाजूला सरकते.

शेवभाजी_जास्त_तर्री

आणि त्या पंक्चरवाल्याला काय सांगणार? बिचारा काटा शोधतोय अजून.

पद्मालय_रोड

त्याला तार दाखवली. म्हणाला, "मी म्हटलंच होतं, आहे काहीतरी." आता बरोबर-चूक काय म्हणू त्याला! मात्र त्याचे पॅच अजून पक्के आहेत. पॉलिश पेपरने घासतो, सोल्युशन लावून फुंकर न घालता वाळू देतो आणि मगच पॅच दाबतो. ओल्या सोल्युशनवर पॅच दाबणारे मी गावात पाहिलेत, त्यांचं काम दोन दिवसांत सुटतं.

केळीबाग_ताई

मुलीच्या सायकलीची नळी काढली. खरंच काडीला चिकटून बसली होती, नखाने खरवडून काढावी लागली. नवी टाकली, दोन जास्तीच्या कंपासपेटीत दिल्या. शाळेत मैत्रिणींच्या सायकली तीच दुरुस्त करतेय असं कळलं. एका मुलाने पैसे विचारले म्हणे, तर हिने समोसा सांगितला.

अहिराणी_आवाज

मनी बी नळीच खराब व्हती. आते हवा टिकस. गोमाई भाऊ, आभार.

पद्मालय_रोड

जळगावला जाऊन स्पोक आणला, नमुना घेऊन गेलो होतो. गिअरच्या बाजूचा खरंच आखूड निघाला, आणि आधी घातलेला त्याच्यापेक्षा चांगला चार मिलिमीटर लांब. कापडी पट्टी लावली, टायरचं नाव वॉलसमोर ठेवलं, ट्यूबवर बाणाची खूण केली. तेव्हापासून मागचं चाक धरून आहे. पद्मालयचा घाटही झाला, उतारावर मुद्दाम खड्ड्यातून नेली.

काल पुढचं बसलं. सराटा. टायरला चिकटून बसलेला, लांबूनच दिसला.

कपाशी_आणि_मी

काढण्याआधी जागा लक्षात ठेवली ना? सराटा उपटला की भोक शोधत बसावं लागतं. जिथे रुतलाय तिथे टायरवर खडूने खूण करायची, मग उपटायचा. बरेचदा चाक न काढता तेवढाच भाग उघडून, तिथल्या तिथे ट्यूब बाहेर ओढून पॅच लागतो.

पद्मालय_रोड

तसंच केलं. खडू नव्हता, हळद लावली.

तात्या_पानापक्कड

चालेल. मागचा नवा स्पोक थोडे दिवस चालवल्यावर एकदा बोटाने वाजवून बघा. शेजारच्यांपेक्षा आवाज ढिला आला तर निपल पाव फेरा आवळा, एकदम जास्त नको.